मुलांपुढे ठेवलेले आकडे

प्रति,
अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स,
इटास्का, इलिनॉय

विषय : उपचारांच्या निर्णयात मुलांना शक्यता कशी सांगावी याबाबत



सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेल्या मुलाची आकड्यांशी गाठ फार लवकर पडते. अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांना हा आजार आहे. २००६ पासून तिथल्या सर्व राज्यांत नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावरून तो ओळखला जातो. मूल दोन वर्षांचे झाले की डोक्यावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. वेग जास्त निघाला तर पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देणे सुरू होते. पुढे भावंडाचा बोन मॅरो जुळतो का हे पाहिले जाते. बाराव्या वर्षानंतर जनुकीय उपचाराचाही पर्याय उघडतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर एक आकडा सांगतात. तो सांगितला जातो आईवडिलांना, पण खोलीत मूलही बसलेले असते आणि ते ऐकत असते.

मुलाला विश्वासात घ्यावे हे अकॅडमीचे धोरण जुने आहे. १९९५ च्या निवेदनात तिने आईवडिलांची परवानगी आणि मुलाचा होकार या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि २०१६ मध्ये ते निवेदन नव्याने मांडले. होकाराचे चार घटक त्यात आहेत. मुलाला त्याच्या वयाला झेपेल तितकी आजाराची जाणीव करून द्यावी, तपासणी आणि उपचारांत काय होईल ते सांगावे, त्याला कितपत समजले आणि त्याच्यावर कोणाचे दडपण आहे का हे पाहावे, आणि मग त्याची तयारी विचारावी. मुलाचे मत मानायचेच नसेल तर ते विचारण्याचा देखावा करू नये, असेही अकॅडमीने बजावले आहे. ही भूमिका प्रामाणिक आहे आणि जगभरच्या बालरोग विभागांनी तिच्यापासून शिकावे अशी आहे. मात्र या चार घटकांत आकडा कसा सांगावा याबद्दल काही नाही, आणि बहुतेक गंभीर निर्णय तर आकड्यावरच अडलेले असतात.

वयाचा विचार मात्र पुष्कळ झाला आहे. संशोधनात भाग घेणाऱ्या मुलांचा होकार सातव्या वर्षापासून घ्यावा, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाने १९७७ मध्ये केली. १९८३ च्या केंद्रीय नियमांनी ठरावीक वय न घालता मुलाचे वय, परिपक्वता आणि मनःस्थिती पाहण्यास सांगितले. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सातासातांचे जुने गणित उचलून धरले : सातच्या आत क्षमता नाही, सात ते चौदा बहुधा नाही, चौदानंतर बहुधा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार सांगितला आहे.

आता याच मुलांच्या शाळेकडे पाहावे. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रमात संभाव्यता हा विषय सातवीत येतो, म्हणजे मूल बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर. महाराष्ट्रात बालभारतीच्या दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. सातव्या वर्षी होकार मागायचा, आणि ज्या भाषेत प्रश्न विचारला ती भाषा आणखी पाच ते आठ वर्षांनी शिकवायची, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे मुलाला कळले नाही तर ते त्याच्या वयावर ढकलले जाते. आकडा चुकीच्या रूपात दिला गेला असेल, हा संशय कोणाला येत नाही.

तो यायला हवा, कारण मुलांना शक्यतेची जाण नसते ही समजूत आता टिकणारी नाही. तिचा उगम झाँ पियाजे आणि बेर्बल इनहेल्डर यांच्या १९५१ च्या पुस्तकात आहे. त्यांच्या मते सातच्या आतल्या मुलाला योगायोग आणि नियम यांतला फरकच कळत नाही. गुणोत्तराचा हिशेब करून शक्यता ठरवणे अकरा-बाराच्या पुढे जमते. हिशेबापुरते ते बरेचसे खरे आहे. पण जाण हिशेबाच्या कितीतरी आधी येते. फेई शू आणि वॅश्टी गार्सिया यांनी २००८ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांसमोर पिंगपाँगच्या चेंडूंची पेटी ठेवली. पेटीत बहुतेक चेंडू एका रंगाचे असताना मूठभर चेंडू काढले आणि ते बहुतेक दुसऱ्याच रंगाचे निघाले, तर बाळे त्याकडे जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. अपेक्षेबाहेरचे काही घडले हे त्यांना जाणवले होते. लंडनच्या अॅन श्लॉटमन यांनी सहा वर्षांच्या मुलांना दोन रंगांचे पट्टे असलेली नळी दाखवली. आत गोटी. गोटी कोणत्या पट्ट्यावर थांबते त्यावर बाहुलीचे बक्षीस ठरणार. बाहुलीला हा खेळ खेळताना किती आनंद होईल, असे विचारल्यावर मुलांनी पट्ट्यांची लांबी आणि बक्षिसाचा आकार दोन्ही लक्षात घेऊन उत्तरे दिली. टक्केवारीचा एकही शब्द न वापरता त्यांनी शक्यता आणि लाभ यांची सांगड घातली होती, आणि उपचार निवडताना मोठ्या माणसाला नेमके हेच करावे लागते.

आकड्याचे रूप बदलले की काय होते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते लीछी झू आणि गेर्ड गिगेरेंझर यांच्या २००६ च्या प्रयोगात. चीनमधल्या चौथी ते सहावीच्या मुलांना त्यांनी एका गावाचे कोडे घातले. गावात १०० माणसांतली १० खोटे बोलतात. त्या दहांतल्या ८ जणांचे नाक लाल आहे. उरलेल्या ९० खऱ्या माणसांतही ९ जणांचे नाक लाल आहे. लाल नाकाची माणसे भेटली तर त्यांतली किती खोटे बोलणारी? उत्तर १७ पैकी ८. हीच माहिती टक्केवारीत दिली तेव्हा एकाही मुलाला उत्तर काढता आले नाही. माणसे मोजून दिली तेव्हा चौथीतल्या १९, पाचवीतल्या ३९ आणि सहावीतल्या ५३ टक्के उत्तरे बरोबर आली. सहावीतली मुले टक्केवारी दिलेल्या प्रौढांच्या बरोबरीला पोचली. लाल नाकाच्या जागी ‘तपासणी पॉझिटिव्ह आली’ आणि खोटेपणाच्या जागी ‘आजार आहे’ एवढे घातले, की हे दवाखान्यातले रोजचे कोडे होते.

यावर एक आक्षेप येईल : मोठ्यांना कळते, म्हणून निर्णय मोठ्यांनी घ्यावा. पण शक्यतेच्या बाबतीत मोठेपणाचा भरवसा धरता येत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९९४ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांपुढे दोन वाडगे ठेवले होते. एकात १० पैकी १ गोळी लाल, दुसऱ्यात १०० पैकी ९. लाल निघाली तर पैसे. पहिल्या वाडग्यात शक्यता जास्त आहे हे कळत असूनही अनेकांचा हात दुसऱ्याकडे गेला, कारण तिथे लाल गोळ्या जास्त दिसत होत्या. त्याच विद्यापीठातल्या क्लिफर्ड कोनोल्ड यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की पदवीचे विद्यार्थीही पावसाची ७० टक्के शक्यता म्हणजे ‘पाऊस पडणार’ असाच अर्थ घेतात, आणि न पडल्यास अंदाज चुकला म्हणतात. शेकडा ९० बरे होतात हे ऐकून घरी परतणारे आईवडीलही ‘बरा होणार म्हणाले’ एवढेच सोबत नेतात. मुलासाठी जे रूप सोपे केले जाईल ते आईवडिलांनाही लागणारच आहे.

सिकलसेलच्याच एका आकड्यावर हे ताडून पाहता येते. पक्षाघात टाळण्यासाठी नियमित रक्त द्यावे हे ठरले ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ या चाचणीवरून. रक्ताचा वेग धोक्याच्या पातळीवर असलेली, दोन ते सोळा वर्षांची १३० मुले तिच्यात होती. फायदा इतका उघड दिसू लागला की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. या निष्कर्षाची ओळख सहसा ‘धोका ९२ टक्क्यांनी घटला’ अशी करून दिली जाते. दहा वर्षांच्या मुलाला या वाक्यातून काय मिळते? कशाच्या ९२ टक्के, हे त्यात नाही. रक्त न घेणाऱ्यांत किती जणांना झटका आला, हेही नाही. खरी गोष्ट अशी होती : नेहमीचेच उपचार मिळालेल्या ६७ मुलांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला, नियमित रक्त मिळालेल्या ६३ पैकी एकाला. हे कागदावर ठिपक्यांनी काढता येते. एका चौकटीत ६७ ठिपके, त्यांतले ११ रंगवलेले. शेजारी ६३, त्यांतला एक रंगवलेला. मूल बोट ठेवून मोजू शकते, आणि मोजताना त्याला दोन गोष्टी दिसतात ज्या ९२ टक्क्यांत दडून राहतात. रक्त न घेताही चाचणीच्या काळात ५६ जणांना झटका आला नाही. आणि रक्त घेऊनही एकाला आला. सुईला कंटाळलेला मुलगा ‘मी त्या ५६ मधला असेन’ म्हणेल, ही भीती डॉक्टरांना वाटते आणि ती खोटी नाही. पण तो असे म्हणाला तर निदान बोलणे सुरू होते. तो कोणत्या ठिपक्यात आहे हे आधी कोणालाच सांगता येत नाही, हे तेव्हाच समजावता येते. दर खेपेच्या रक्तातून शरीरात लोह साठते आणि ते काढायला वेगळे औषध लागते, हेही त्याच कागदावर यायला हवे.

याहून अवघड आहे तो पाव हिश्शाचा आकडा, कारण हे मूल तो दोनदा ऐकते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला सिकलसेल होण्याची शक्यता चारांत एक. आजार घालवण्यासाठी सख्ख्या भावाबहिणीचा बोन मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यताही चारांत एक. पहिला आकडा संकटाचा, दुसरा आशेचा, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच तासात सांगितले जातात. मुले त्यातून ठरावीक चुका करतात : ‘मला झाला, म्हणजे पुढच्या तिघांना नाही.’ ‘आम्ही चार भावंडे आहोत, म्हणजे एकाचे जुळणारच.’ गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारमधल्या आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी होऊन हातात कार्ड पडलेल्या मुलामुलींच्या घरीही हीच दोन वाक्ये ऐकू येतात, आणि त्यावर पुढे लग्ने ठरतात किंवा मोडतात.

या चुका व्याख्यानाने जात नाहीत, हाताने करून पाहिले की जातात. दोन नाणी घ्यावीत, एक आईचे, एक वडिलांचे. काटा म्हणजे सिकलसेलचे जनुक. दोन्ही नाणी एकदम उडवावीत. दोन्ही काटे पडले तर आजार, एकच पडला तर वाहक, दोन्ही छापे तर काही नाही. प्रत्येक बाळासाठी नाणी नव्याने उडवायची. वीसेक वेळा उडवली की मुलाला दिसते, की नाण्यांना मागची फेक आठवत नाही. लागोपाठ दोन बाळांना आजार होऊ शकतो आणि लागोपाठ सहा बाळे सुटूही शकतात. दाता मिळण्याचे गणित याच्याच पुढची पायरी आहे. भावंडाचे जुळायला हवे आणि त्याला स्वतःला सिकलसेलही नसावा. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर ठरतात : जुळणी सहाव्या, सिकलसेल अकराव्या. म्हणून चार बाय चारची चौकट आखावी. सोळा घरांपैकी जुळणीचा एक स्तंभ रंगवावा, आणि त्यातले सिकलसेलचे एक घर पुन्हा खोडावे. उरतात तीन. सोळांत तीन, म्हणजे पाचांत एकापेक्षाही थोडे कमी. गुणाकाराचा नियम न शिकलेल्या मुलालाही ही तीन घरे मोजता येतात. दात्याचा शोध एवढा का लांबतो, आणि ज्याचे जुळले नाही त्या भावाचा त्यात काही दोष का नाही, हे दोन्ही त्या कागदावर दिसते. दुसरी गोष्ट घरासाठी फार मोलाची असते.

काही ठिकाणी मात्र ठिपके काढूनही प्रश्न सुटत नाही, आणि तेही मुलांना सांगायला हवे. ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सिकलसेलवरील दोन जनुकीय उपचारांना बारा वर्षे आणि त्यापुढील रुग्णांसाठी मान्यता दिली. त्यांतल्या कॅसजेव्ही या उपचाराच्या चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचे झटके आले नाहीत. लिफजेनिया या दुसऱ्या उपचाराच्या चाचणीत ३२ पैकी २८ जणांचे वेदनांचे झटके ठरावीक काळात पूर्ण थांबले, पण त्याच्या माहितीपत्रकावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा आहे. दोन्हींच्या आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि तिने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. बारा वर्षांच्या मुलीला इथे तीन निरनिराळ्या गोष्टी तोलायच्या आहेत : वेदना थांबण्याची बऱ्यापैकी मोजलेली शक्यता, पूर्ण मोजता न आलेला धोका, आणि तिने अजून विचारही न केलेले मातृत्व. आकडे थोड्या रुग्णांवरचे आहेत, म्हणून ते डळमळीत आहेत. एखादा दुष्परिणाम ३१ जणांत कोणालाच झाला नाही, तरी तो खरोखर दहांत एकाला होणारा असू शकतो. संख्याशास्त्रात त्यासाठी तिनाला रुग्णसंख्येने भागण्याचा साधा ठोकताळा आहे. ‘अजून कोणाला माहीत नाही’ हे उत्तर मुलांना झेपते. त्यांना झेपत नाही ती मोठ्यांच्या आवाजातली खोटी खात्री, कारण ती ते ओळखतात. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७८ च्या पुस्तकात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे जग मांडले. आपण मरणार आहोत हे कोणी न सांगताच त्या मुलांना कळले होते, आणि आईवडिलांना त्रास नको म्हणून ती ते बोलत नव्हती. परदेशातल्या मराठी घरांत डॉक्टरांशी इंग्रजीत आणि आपसांत मराठीत बोलण्याची सवय असते. मुलाला मराठी नीट येत नाही या भरवशावर त्याच्यादेखत अहवालाची चर्चा होते. तो भरवसा धरू नये.

लहान मुलांत शक्यतेच्या आड येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दोषाची भावना. पियाजेने १९३२ मध्ये तिची नोंद केली : वाईट वागले की जगच शिक्षा करते, असे मुले मानतात. आजाराबद्दल ती विशेष मानतात, आणि घरातली वाक्ये त्यात भर घालतात. ‘ऐकलं नाहीस ना, म्हणून ताप आला,’ हे कोणत्या घरात म्हटले जात नाही? ज्याच्या मनात आजार ही शिक्षा आहे त्याला ‘शंभरांत दहा’ याचा अर्थ ‘शंभरांतले दहा वाईट’ असा लागतो, आणि मग चांगले वागून त्या दहांतून बाहेर पडण्याची तो धडपड करतो. म्हणून आकडा सांगण्याआधी, तुझ्या मते हे तुला का झाले, असे विचारणे हा उपचाराचाच भाग आहे. दोन्ही नाण्यांची फेक आईवडिलांच्या आणि बाळाच्या वागण्यावर अवलंबून नसते, हे इथेही उपयोगी पडते.

किशोरवयाची अडचण निराळी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये पारहॅम खटल्यात म्हटले की बहुतेक मुलांना, किशोरांनाही, वैद्यकीय निर्णयांची समज नसते. तीनच वर्षांनी लोइस वाइथॉर्न आणि सुझन कॅम्पबेल यांनी ९, १४, १८ आणि २१ वर्षांच्या ९६ जणांना मधुमेह, अपस्मार, नैराश्य आणि अंथरुणात लघवी होणे यांवरचे काल्पनिक पेच दिले. चौदा वर्षांची मुले प्रौढांहून कमी ठरली नाहीत, आणि नऊ वर्षांची मुले कारणे नीट मांडण्यात मागे पडली तरी त्यांची निवड बहुधा समंजसच होती. असे असूनही किशोर धोक्याच्या वाटेला जातात. कॉर्नेल विद्यापीठाच्या व्हॅलेरी रेना यांच्या मते त्याचे कारण आकडा न कळणे हे नव्हे. धोका ते अनेकदा आहे त्याहून जास्तच धरतात, पण लाभाशी तोलून पत्करतात. प्रौढ माणूस मात्र ‘हे नकोच’ एवढे सार धरून थांबतो. म्हणून किशोराला ठिपक्यांच्या जोडीला सारही द्यावे लागते : हा आकडा आयुष्यात काय करतो, कोणती गोष्ट परत मिळवता येते आणि कोणती येत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सतरा वर्षांच्या एका मुलीचा खटला आला. तिला हॉजकिन लिम्फोमा होता, केमोथेरपीने वाचण्याची शक्यता डॉक्टरांनी ८५ टक्के सांगितली होती, आणि तिला केमोथेरपी नको होती. तिची परिपक्वता सिद्ध झाली नाही असे म्हणून न्यायालयाने उपचार चालू ठेवू दिले. खालच्या न्यायालयात आणि वर वाद झाला तो तिच्या परिपक्वतेवर. इतक्या मोठ्या फायद्याचा उपचार नाकारू देऊ नये, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. तरी अशा प्रत्येक प्रकरणात परिपक्वतेच्या आधी एक प्रश्न विचारला जायला हवा : आकडा तिला कोणत्या रूपात दिला गेला, आणि तो तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितला होता का? त्याची नोंद असेल तरच तिचा नकार समजून दिलेला होता की नाही हे न्यायाधीशांना ठरवता येईल.

अकॅडमीने आपल्या निवेदनाच्या पुढच्या आवृत्तीत हे जोडावे. मुलापुढे आकडा ठेवायचा तर तो माणसे मोजून ठेवावा, टक्के घटले किंवा वाढले या भाषेत ठेवू नये. दोन पर्यायांची तुलना करताना शंभर किंवा हजार असा एकच पाया धरावा, कारण पाया बदलला की मोठ्यांचीही फसगत होते. ज्यांना त्रास झाला त्यांच्याबरोबर ज्यांना झाला नाही तेही दाखवावेत, आणि किती काळात ते लिहावे. थोड्या रुग्णांवरून आलेला आकडा तसा सांगावा. ऐकून झाल्यावर मुलाच्या हातात रंगीत पेन्सिल देऊन ठिपके त्यालाच रंगवायला सांगावेत. चुकले तर पुन्हा समजवावे, आणि तो कागद केसपेपरला जोडावा. ज्या मुलाला आकडा ऐकायचाच नाही त्याच्यावर तो लादू नये, पण पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे. आईवडिलांना वेगळा कागद न देता तोच द्यावा. निर्णयाचा भार त्यांच्याच खांद्यावर राहणार आहे आणि राहावा; सात वर्षांच्या मुलाने शक्यता ओळखली म्हणून त्याने स्वतःच्या केमोथेरपीचा निकाल द्यावा असे कोणी म्हणत नाही. बालरोगाचे शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हे कौशल्य शिकवले आणि तपासले जावे. आणि शाळांच्या आरोग्याबद्दल अकॅडमी बोलतेच, तर नाण्यांचे आणि ठिपक्यांचे हे काम सातवीपर्यंत न थांबवता तिसरी-चौथीत आणावे, असेही तिने राज्यांच्या शिक्षण विभागांना कळवावे.